खिसे तपासणारा

कुन्नूर
१२ जानेवारी २०१४

प्रिय बेळ्ळी,

दोन आखूड आणि एक लांब. लांब सूर शेवटाला किंचित फाटायचा, कारण शाळेत असतानाच पेरूच्या झाडावरून पडून तुझा पुढचा दात गेला होता आणि त्या फटीतून वारा निसटायचा. आज सकाळी चहा गाळताना तुझी ती शीळ मला इतकी स्पष्ट ऐकू आली की मी सवयीने उजवीकडे सरकलो आणि कोपर ओट्यावर आपटलं.

अठ्ठावीस वर्षं आपण त्या काळोखात काढली. फिल्मवर चांदीचा मसाला चढवायच्या त्या दालनात काडी ओढणं म्हणजे पाप होतं, उजेडाचा ठिपका लागला की माल गेला. चाळीस माणसं, फिरणारे रोल, ओली फरशी आणि डोळ्यांपुढे नुसती शाई. एकमेकांवर आदळू नये म्हणून ज्याने त्याने आपला आवाज ठरवून घेतलेला. कुणी खाकरायचा, कुणी जीभ टाळूला लावून टकटक करायचा. म्हातारा अंतोणी येशूचं भजन गुणगुणायचा. तू दारावर सगळ्यांचे खिसे तपासून शेवटी आत यायचास आणि शीळ घालायचास. मी सावरीमुत्तू मास्तरांनी पाचवीत पाठ करून घेतलेली नदीची कविता म्हणायचो, आणि पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "नंजा, कडवं बदल रे बाबा, या नदीला अजून समुद्र सापडत नाही का?"

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण म्हातारपणी माणूस दुसऱ्याला ठाऊक असलेलंच सांगत बसतो, नवीन काही त्याच्याजवळ नसतं.

लिहायचं कारण वेगळं आहे. तुझ्या रुक्कीचं पत्र आलं. अक्षर तुझ्या नातीचं असलं तरी शब्द रुक्कीचेच, वाचताना तिचा कमरेवर ठेवलेला हात दिसत होता. तुला न सांगता लिहिलं असावं. म्हणते, "अण्णा, कारखान्याचे कागद मार्चअखेर कुलपात जाणार आहेत. ज्याची तक्रार असेल त्याने त्याआधी साक्षीदार आणावा म्हणतात. तुम्ही त्या दिवशी त्याच पाळीत होतात. यांनी दारावर सगळ्यांचे खिसे नीट तपासले होते, एवढंच येऊन सांगा. आमची हट्टी म्हणजे केवढीशी वाडी, तिच्यातल्या अकरा घरांची चूल त्या कारखान्यावर होती. अकराही घरं यांना कारखाना बुडवणारा म्हणतात. परवा हेत्तै हब्बाच्या सणाला हे पांढरं नेसून पायरीवर बसले होते. एकाही पोराने यांच्यापुढे डोकं वाकवलं नाही. वळसा घालून पलीकडच्या पायरीवरल्या म्हाताऱ्याकडे गेली. यांचा आशीर्वादाचा हात मांडीवरच राहिला. सहा वर्षं झाली, अण्णा."



मी बघतो काय करता येतं ते. गुडघे साथ देत नाहीत, ऑफिस लांब, पण बघतो. त्या दिवशी दालनात उजेड कुठून आला हे चौकशीत निघालंच नाही. तू यंत्र थांबवलंस, दिवसभराचा माल वाया गेला, इस्पितळांची एक्स-रे फिल्मची ती मोठी मागणी तारखेला पुरी झाली नाही, आणि सरकारी साहेबांना निमित्त मिळालं. त्यांनी इस्पितळांसाठी फिल्म सोडून डिजिटल यंत्रं घेतली, आणि आपला कारखाना बसला. मला विचारशील तर त्यांनी ती घेतलीच असती. आज नाही तर पुढल्या वर्षी. सगळ्या जगाने दिवे लावून टाकले होते, आपण तेवढे दार बंद करून काळोख राखत बसलो होतो. यात दारावरच्या माणसाचा दोष किती थोडा, हे मी कुणालाही पटवून देईन.

कारखाना बंद झाला त्या दिवसाची बातमी तू वाचली असशील. शेवटचा रोल उतरवणारा म्हणून मला हार घातला. मी दोन शब्द बोललो तेही छापलं. असल्या सभेत माणूस काहीही बोलून जातो, मनावर घेऊ नकोस.

तुझा
नंजा


कुन्नूर
४ फेब्रुवारी २०१४

प्रिय बेळ्ळी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण बातमी चांगली आहे म्हणून पुन्हा लिहितो.

आधी माझ्या छातीची गंमत सांगतो. खोकला हटेना म्हणून गेल्या आठवड्यात एक्स-रे काढायला गेलो. तिथे एक बोटभर पोरगी.

"ताता, श्वास धरा. झालं. सोडा."

"फिल्म किती वेळाने मिळेल?"

"कसली फिल्म?"

"माझी. घरी न्यायला."

"ताता, तुमची छाती आता कॉम्प्युटरमध्ये गेली. डॉक्टर तिथेच बघतील."

"आणि मी कुठे बघू?"

"तुम्ही कशाला बघता? घाबराल."

तिला काय सांगणार? या डोंगरातल्या प्रत्येक माणसाची फुप्फुसं एकेकाळी आपल्या हातून गेली. लोक एक्स-रे जपून ठेवायचे, पेटीत, कोऱ्या लुगड्यांच्या घडीत. माझ्या आईने बाबांच्या छातीचा एक्स-रे फुटक्या तावदानाला चिकटवला होता. ते गेल्यावर कित्येक वर्षं संध्याकाळी ऊन त्यांच्या बरगड्यांमधून घरात यायचं. आता माणूस मेला की त्याची छाती कुठे शोधायची? असो. तू म्हणशील, नंजाची गाडी लागली कवितेला.

तर परवा मी कारखान्यावर गेलो. ऑफिस आता फाटकाजवळच्या दोन खोल्यांत आहे, बाकी सगळ्याला टाळं. आरोक्यसामी म्हणून एक कारकून बसतो, कानात केस, स्वभाव गमत्या. मला बघून म्हणाला, "या, शेवटचा रोल. चहा घ्या. तुमचा फोटो आहे बघा भिंतीवर." खरोखरच होता, हारासकट.

त्याने मला आपलं दालन दाखवलं. बेळ्ळी, आत ट्यूबलाइट लावलीय. कुणी दिसला की बटण दाबतात आणि सगळं उजळतं. केवढंसं आहे ते. मला वाटायचं एखाद्या देवळाच्या सभामंडपाएवढं असेल. इथून तिथवर जायला मला अडतीस पावलं लागायची, ती काळोखाची पावलं होती. उजेडात वीसच निघाली. भिंती पिवळ्या. मी हिरव्या समजत होतो. तुझी कल्पना काय होती, कधी विचारलंच नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्यावर आरोप एकच आहे, दारावर झडती घेतली नाहीस. आरोक्यसामी म्हणाला, "त्या पाळीतल्या एकाने लिहून द्यावं की झडती झाली होती. खाली बेळ्ळी गौडरांनी सही करावी. साहेबांना फाइल बंद करायचीच आहे. मग बडतर्फीचा हुकूम मागे, नाव स्वच्छ." मी तिथेच लिहून दिलं. "त्या दिवशी आत जाताना बेळ्ळी गौडर यांनी माझे सर्व खिसे नेहमीप्रमाणे तपासले." सहीही केली.  आरोक्यसामीने शिक्का मारला.

आता तू फक्त जाऊन माझ्या सहीखाली सही करायची. २८ मार्चच्या आत, शुक्रवार आहे. तुझ्या हट्टीतल्या अकरा घरांना तो कागद मी स्वतः वाचून दाखवीन. बसने येताना मला इतकं हलकं वाटलं की दोन ओळीही सुचल्या:

काळोखाच्या त्या घराला नव्हती खिडकी, नव्हते दार,
तरी तुझ्या शिळेसरशी उजळून जाई सारे पार.

मास्तर असते तर म्हणाले असते, दार नव्हतं तर आत कसा शिरलास, नंजा?

तुझा
नंजा


कुन्नूर
२१ फेब्रुवारी २०१४

बेळ्ळी,

पोस्टकार्ड आलं. पुन्हा नातीचं अक्षर. रुक्की लिहिते, "मी यांना ऑफिसातल्या कागदाचं सांगितलं. हे म्हणाले, मी नंजाचे खिसे तपासले नव्हते. तपासले असं लिहून त्याच्या सहीखाली माझी सही होणार नाही. मग उठून मळ्यात गेले, जेवायलाही आले नाहीत. अण्णा, तुमचे खिसे का तपासले नव्हते?"

म्हणजे सहा वर्षांत तू बायकोलाही सांगितलं नाहीस. शाबास. तुझ्यासारखा माणूस या डोंगरात नाही. तुला बढती मिळाली नाही तेव्हाही तू असाच गप्प होतास, तोंडात विड्याचं पान धरून. तुझ्या गप्प बसण्याने समोरचा आपोआप बारीक होत जातो हे तुला चांगलं कळतं. मी तुला सोपी वाट काढून दिली. एक ओळ, एक सही. त्यात कुणाचं वाईट होत नव्हतं, तुझंही नाही, माझंही नाही. पण नाही. तुला स्वच्छ नाव नको, तुला मी हवा आहे.

बरं. मग ऐक. हे रुक्कीला दाखवू नकोस.

तू माझे खिसे कधीच तपासले नाहीस. बाकीचे हात वर करून उभे राहायचे, तू चाचपायचास. कुणाची काडेपेटी निघायची, कुणाचं रेडियमचं घड्याळ, तू ते टोपलीत टाकायचास. माझी पाळी आली की मी मान खाली घालायचो, आपल्या रीतीप्रमाणे. तू माझ्याहून सात महिन्यांनी मोठा. तू माझ्या डोक्यावर हात ठेवायचास, "बाळ, बदुकु" म्हणायचास, जगशील, खूप जगशील, आणि मला आत सोडायचास. ज्याच्या डोक्यावर आता हात ठेवला त्याच्या खिशात लगेच हात कसा घालायचा? मलाही ते कधी खटकलं नाही. बाहेरगावच्या एखाद्या माणसाने अशी चूक केली नसती. आपल्यालाच ती सुचली.

आणि त्या दिवशी माझ्या खिशात माझ्या मुलाने, मोहनराजने सिंगापूरहून आणलेला फोन होता. कॅमेऱ्याचा. मी नेहमी तो दाराबाहेरच्या पेटीत ठेवायचो. त्या दिवशी राहून गेला. विसरलो. कोटाचं कापड पातळ, आत असताना तो आपोआप उजळला. क्षणभर. मी खिशावर हात दाबला, पण तू पाहिलंस. अठ्ठावीस वर्षांत त्या दालनात आपण पहिल्यांदाच एकमेकांचा चेहरा पाहिला.

तू यंत्र थांबवलंस. चौकशीत विचारलं, उजेड कुणाचा? तू म्हणालास, "दारावर मी होतो. जबाबदारी माझी." मी पलीकडच्या बाकावर बसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर कदाचित मी उठलो असतो. हे मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलोय.

सभेतल्या भाषणाचंही सांगून टाकतो, म्हणजे एकदाचं होऊन जाऊ दे. वार्ताहराने माझ्या तोंडी काही घातलेलं नाही. मी तेच बोललो होतो. "दारावरच्या एका माणसाच्या निष्काळजीपणाने चारशे घरं अंधारात गेली." टाळ्या पडल्या. वाक्य चांगलं जमलं होतं, मला ते दोन दिवस आधीपासून पाठ होतं. रुक्की तिसऱ्या रांगेत बसलेली मला शेवटी दिसली. तुझ्या वतीने आली होती म्हणे, सगळ्यांना निरोपाला मिळत होती ती भेटीची पेटी घ्यायला. ती तिला मिळालीही नाही, बडतर्फ माणसाला पेटी नसते.

आता झालं तुझं समाधान? तर जाऊन सही कर.

नंजा


कुन्नूर
१६ मार्च २०१४

बेळ्ळी,

मागचं पत्र रागात गेलं. परत मागवता येत असतं तर मागवलं असतं. तुझ्याकडून काही नाही. रुक्कीकडूनही आता पोस्टकार्ड नाही, त्याची मला जास्त धास्ती वाटते.

ऑफिसात जाऊन खरं ते लिहून द्यावं, असं चार वेळा ठरवलं. एकदा बस चुकली. एकदा घाटात दरड आली म्हणून बसच नव्हती. एकदा गुडघा. चौथ्यांदा बसमध्ये बसलोसुद्धा, आणि वेलिंग्टनच्या थांब्यावर उतरून दोन इडल्या खाऊन परत आलो.

रविवारी मोहनराजचा फोन होता, त्या पडद्यावर तोंड दिसतं तसला. त्याला सांगून बघितलं.

"अप्पा, मेलेल्या कारखान्याचं भूत किती दिवस उरावर घेणार? आता कुणाला पडलंय त्याचं?"

"बेळ्ळीला पडलंय."

"मग त्यांनी तेव्हाच नाव घ्यायचं होतं. घेतलं नाही, म्हणजे त्यांना घ्यायचं नव्हतं. तुम्ही आता गेलात तर त्यांच्याच मोठेपणावर पाणी पडेल. आणि गावात तोंड कसं दाखवाल? शाळेत तुमचं भाषण ठेवलंय ना जूनमध्ये, जुन्या फिल्मवर?"

"हो."

"मग? कोट इस्त्री करून ठेवा."

मला त्याचं बोलणं पटलं. तीन दिवस पटत होतं. किती छान पटत होतं म्हणून सांगू. मग बाजारात तुमच्या हट्टीचा तो सेवणन भेटला, अकरापैकी एका घरातला. गाजरं विकत होता. म्हणाला, "तुमच्या दोस्ताच्या नातीला बघायला पाहुणे आलेले, तूनेरीचे. चहा झाला, तुप्पदिट्टू खाल्लं. उठताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, कारखाना बुडवला तो बेळ्ळी गौडर हाच का? पोरीने आतून ऐकलं. मग काय, गेले ते गेले." असं म्हणून तो हसला आणि माझ्या पिशवीत दोन गाजरं जास्त टाकली. "तुम्हाला फुकट, शेवटचा रोल."

ती गाजरं अजून टोपलीत आहेत. वाळली.

नंजा


कुन्नूर
२८ मार्च २०१४
शुक्रवार, सकाळ

बेळ्ळी,

आज शेवटचा दिवस. ऑफिस चारला बंद होतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांची बस धरली तर पोचता येतं. आता साडेदहा वाजलेत. कोट खुंटीवर आहे, इस्त्री केलेला. म्हटलं, जाण्याआधी तुला चार ओळी लिहाव्या, कारण एक गोष्ट राहिलीय आणि ती साहेबाला सांगण्याआधी तुला सांगायला हवी.

फोन खिशात आपोआप उजळला असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. राहून गेला, विसरलो, तेही खोटं.

त्या दिवशी सिंगापुरात सूनबाई बाळंत व्हायची होती. मोहनराज म्हणाला होता, "अप्पा, झालं की लगेच फोटो पाठवतो. दहा मिनिटांत तुमच्या हातात. तुमच्या फिल्मसारखं नाही, धुवा, वाळवा, आठ दिवसांनी बघा." मी त्याला म्हटलं, तुझ्या त्या खेळण्यातला फोटो हा काय फोटो आहे? तोंडाने असं म्हटलं आणि फोन पेटीत न ठेवता आतल्या खिशात ठेवला. आवाज बंद केला. दारावर तुझ्यापुढे मान खाली घातली. तू डोक्यावर हात ठेवलास. त्या वेळी तो फोन माझ्या छातीला लागत होता. मला ते माहीत होतं, बेळ्ळी. तुझा हात डोक्यावर असताना मला माहीत होतं.

साडेनऊच्या सुमारास तो खिशात थरथरला. मी रोलच्या कडेला होतो, ओली फिल्म माझ्यापासून दोन हातांवर वाहत होती. कविता म्हणता म्हणता थांबलो. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "काय रे, मिळाला का समुद्र?" मी फोन बाहेर काढला आणि बटण दाबलं.

ती होती. तोंड सुरकुतलेलं, डोक्यावर काळं जावळ, एक मूठ गालाशी. उभ्या जन्मात मी इतकं स्वच्छ चित्र पाहिलं नव्हतं. तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या. आम्ही ज्यासाठी चांदी विरघळवत होतो ते सगळं त्या बोटभर काचेत होतं, धुवायला नको, वाळवायला नको. मग ते विझलं. थोड्या वेळाने विझतातच ते. तिथवर झालेली ती चूक म्हणता आली असती.

मी पुन्हा बटण दाबलं.

दुसऱ्यांदा. समोर चांदी जळत होती हे कळत असताना. अठ्ठावीस वर्षं रेडियमच्या घड्याळांवर दात खाणारा मी. मला तिला आणखी एकदा बघायचं होतं, बस्स. आणि मान वर केली तर तू. कठड्यावर हात ठेवून उभा, माझी कविता थांबली म्हणून बघायला आला असशील. शीळ घातली नव्हतीस, की मी ऐकली नाही, माहीत नाही. तुझ्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. शपथ घेऊन सांगतो, होतं. चित्रात काय आहे ते तुला कळलं होतं. त्या पडलेल्या दाताच्या फटीसकट तू हसलास. मग तुझी नजर खाली फिल्मवर गेली.

ते हसू मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मोहनराजला नाही, माझ्या बायकोला, गौरीला तर ती जाईपर्यंत नाही. तू मला पकडलं असतंस, शिवी दिली असतीस, तर मी तुझा द्वेष करून मोकळा झालो असतो. तू माझ्या नातीकडे बघून हसलास आणि मग यंत्र बंद करायला गेलास. तिचं नाव यालिनी. सहा वर्षांची आहे. तिने मला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, काचेतूनच पाहते. तिचे हजार फोटो आहेत त्या फोनात, एकाचीही मला आठवण राहत नाही. तोच एक, दोनदा पाहिलेला.

सहीचा कागद फाडायला सांगेन आरोक्यसामीला. नवीन लिहून देईन. हार घातलेला फोटोही भिंतीवरून उतरवायला सांगेन, पण ते म्हणताना माझी जीभ कशी वळेल कोण जाणे. अकरा घरांसमोर वाचायचं ते मात्र

साडेबारा वाजले. वाक्य अर्धं टाकून उठलो होतो. कोट घातला, काढला. पाणी प्यालो. वरचं सगळं वाचून बघितलं, दोन ठिकाणी शब्द बदलले. ऑफिस काय, सोमवारी तरी उघडं असेलच की. साहेब माणूस आहे, दोन दिवसांनी काही होत नाही. शिवाय हे पत्र तुला मिळालं की खरं ते तुझ्यापाशी पोचलंच. जगाला कळून काय उपयोग, ज्याला कळायचं त्याला

दार वाजतंय. पोस्टमन या वेळी येत नाही.

रुक्की आहे.

बेळ्ळी, मी हे ती समोर असताना लिहितोय. उंबऱ्याच्या बाहेर उभी आहे, आपल्या बायकांच्या रीतीने पांढरं नेसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. आत ये म्हटलं तर आली नाही. रिकाम्या हातांनी आलीय. आपल्यात कुणी कुणाच्या दारी रिकाम्या हातांनी जात नाही, निदान दोन बटाटे तरी पदरात असतात.

मी विचारलं, "बेळ्ळीला माहीत आहे?"

"ते कोबीच्या मळ्यात आहेत. डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलंय."

"माझी पत्रं वाचून काही म्हणाला का तो?"

"त्यांनी एकही उघडलं नाही. आलं की फळीवर ठेवतात, मिठाच्या बरणीमागे. मी नातीकडून वाचून घेतली. सगळी. कवितेच्या ओळी आल्या की मी तिला म्हणायचे, हे सोड, पुढे वाच."

मला पाट शोधायचा होता तिला बसायला, पण सापडेना. ती माझ्याकडे बघत होती. रडलेली वगैरे नाही. सकाळी सातला निघून दोन बस बदलत आलेल्या माणसासारखी दिसत होती, एवढंच.

"ते काय आहे हातात?"

"बेळ्ळीला पत्र लिहीत होतो."

"खरं आहे त्यात?"

"आहे."

"सगळं?"

"सगळं. मागच्यापेक्षा जास्त."

"मग ते त्यांना कशाला? त्यांना ते तेव्हापासून ठाऊक आहे." तिने फाटकाकडे बघितलं. "बसला वीस मिनिटं आहेत. ऑफिसात जाऊन तुम्ही पुन्हा लिहायला बसाल, मग शब्द बदलाल, मग चार वाजतील. हेच द्यायचं तिथे. खाली सही करा. नंजा नाही, पुरतं नाव घाला."

मी म्हटलं, यात खाजगी आहे काही, नातीचं आहे, बेळ्ळीच्या हसण्याचं आहे.

"असू दे," ती म्हणाली. "तेही वाचू दे त्यांना."

नंजन, वडील जोगी गौडर
टोकन क्रमांक ४१७, लेप विभाग, सकाळची पाळी